फोटो उलटा करा, मग भाव बोलू

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या समजुतीप्रमाणे हकीकत अशी. सासरे गेल्यावर क्लीव्हलंडचं घर आवरताना माळ्यावर दोन खोकी सापडली. तुमचे आजेसासरे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पंचवीसेक वर्षं तिथल्या एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात होते, आणि खोक्यांत बेसबॉलचे चारशेच्या आसपास जुने फोटो आहेत. एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून ३,५०० डॉलर देऊ केलेत आणि आठवड्यात उत्तर मागितलंय. तुमच्या मिस्टरांनी इंटरनेटवर 'अगदी असाच' बेब रूथचा (बेसबॉलमधलं सर्वांत मोठं नाव) फोटो कित्येक हजारांना गेलेला पाहिला, त्यामुळे घरात दोन तट पडलेत. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलंय की खोक्याच्या तळाशी पाकिटांत काही फिल्म्स आहेत, आंबूस वास येतो, त्या टाकून देऊ का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं थांबू शकतं. फिल्म्स टाकू नका आणि माळ्यावरही ठेवू नका. व्हिनेगरसारखा वास येतो ती ॲसिटेट फिल्म. ती खराब होतेय, पण धोकादायक नाही. मात्र त्या काळातल्या पाकिटांत नायट्रेटच्या फिल्म्सही मिसळलेल्या असतात, आणि नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. हे मी क्लीव्हलंडच्या घराला सांगतोय, हा योगायोगच. १५ मे १९२९ ला त्याच शहरात क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म्स पेटल्या आणि विषारी धुराने सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं दिसलं तर निश्चिंत व्हा. नसेल, आणि फिल्म पिवळसर-तपकिरी, चिकट झाली असेल, तर ती वेगळ्या कागदी पाकिटात घालून थंड, हवेशीर जागी ठेवा. हवाबंद डब्यात नको, प्लास्टिकमध्ये नको, आणि मला पोस्टाने तर मुळीच नको. भुगा व्हायला लागलेल्या असतील तर अग्निशमन दलाला फोन करून विचारा, ते सांगतील कुठे द्यायच्या.

टाकू नका म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. मूळ निगेटिव्ह एकच असते. चार्ल्स कॉनलन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाची नोकरी करायचा आणि फावल्या वेळात बेसबॉलचे फोटो काढायचा. धुरळा उडवत तिसऱ्या बेसमध्ये घुसणारा टाय कॉब, तो प्रसिद्ध फोटो त्याचाच. त्याच्या उरलेल्या सात हजारांवर निगेटिव्ह २०१६ मध्ये लिलावात सुमारे १८ लाख डॉलरला गेल्या. तुमच्या पाकिटांत कॉनलन नाही, पण काय आहे ते पाहिल्याशिवाय कचऱ्यात घालू नका.

आता फोटोंकडे. तुम्ही बारा स्कॅन पाठवलेत, सगळे समोरच्या बाजूचे, आणि मागची बाजू फक्त दोघांची. जवळजवळ सगळेच असं करतात. मी जुन्या फोटोंच्या या धंद्यात बावीस वर्षं आहे (सांगलीला घरी अजूनही समजतात की मी फोटो स्टुडिओ चालवतो), आणि गेल्या बावीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे 'मागची बाजू पाठवा'. समोरून दिसतं ते चित्र, आणि चित्र आज कुणीही छापू शकतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तसंस्थेच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. त्यातली टाय कॉबची फाइल उतरवून उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढली तर तीही देखणी येईल. बाजार पैसे मोजतो तो कागदाच्या वयासाठी: हा कागद त्या काळी, त्या निगेटिव्हवरून निघाला का?

त्यासाठी धंद्यात चार प्रकार रुळलेत. टाइप १ म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट. टाइप २ निगेटिव्ह मूळच, पण प्रिंट पुढे कधीतरी काढलेली. टाइप ३ त्याच काळातली, पण नकलेवरून किंवा टेलिफोनच्या तारेवरून आलेली. टाइप ४ नकलेवरून आणि उशिराची. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था हीच वर्गवारी वापरतात. ती दगडावरची रेघ नव्हे, दोन वर्षांच्या जागी तीन वर्षं झाली म्हणून कागद बदलत नाही, पण बोली लावणारा त्या आकड्याकडे बघूनच हात वर करतो.

तुमच्या मिस्टरांचा रूथ घ्या. १३ जून १९४८, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, म्हणजे रूथच्या यांकी संघाचं मैदान. घशाच्या कॅन्सरने खंगलेला रूथ, त्याचा तीन नंबर त्या दिवशी निवृत्त केला गेला. त्याला पाठमोरा टिपलेला नॅट फाइनचा फोटो पुढच्या वर्षी पुलित्झर घेऊन गेला. इंटरनेटवर जो हजारोंचा पाहिला, तो या फोटोची जुनी अस्सल प्रिंट असणार. तुमचा फोटो त्याच दिवसाचा आहे, पण समोरून घेतलेला, म्हणजे फाइनचा नव्हेच. आणि तुमच्या स्कॅनमध्ये खालच्या कडेची मजकुराची पट्टी नीट बघा. ती कागदावर चिकटवलेली नाही, चित्राचाच भाग आहे. स्कॅन मोठा केला की आकाशात आडव्या बारीक रेघा दिसतात, धोतराच्या पोतासारख्या. हा फोटो टेलिफोनच्या तारेवरून ओळीओळीने आला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ही वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू केली. त्यानंतर दूरच्या शहरातली मोठी घटना बहुतेक याच वाटेने यायची. क्लीव्हलंडला या फोटोत विशेष रस असायचं कारणही आहे: त्या दिवशी पाहुणा संघ क्लीव्हलंडचाच होता, आणि रूथ काठीसारखी टेकून उभा आहे ती बॅट त्यांच्या बॉब फेलरची. म्हणजे हा टाइप ३. प्रसंग मोठा आहे म्हणून दीडशे ते तीनशे डॉलर म्हणेन. हजारो नाहीत.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू तुमच्या बाजूने आहे, आणि ती त्या व्यापाऱ्याने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. तारेवरून येतं ते परगावचं. स्वतःच्या शहरातल्या सामन्याचा फोटो कुणी तारेवरून मागवत नाही, आपला माणूस मैदानावर उभा असतो. त्यामुळे क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्रातून आलेल्या खोक्यात क्लीव्हलंडमध्येच काढलेले फोटो बहुतेक टाइप १ निघतात. तुम्ही न्यूयॉर्कचे प्रसिद्ध चेहरे वर काढून ठेवलेत आणि 'लोकल' असं लिहून जे एका बाजूला सारलंत, त्यातच तुमची खरी कमाई आहे. (याला एक फाटा आहे. एनईए ही मोठी वृत्तसंस्था क्लीव्हलंडमधूनच चालायची, त्यामुळे परगावच्या फोटोंच्याही अस्सल प्रिंट तिथल्या दप्तरांत सापडतात. मागे एनईए किंवा ॲक्मी या फोटोसंस्थेचा शिक्का असेल तर तो फोटो बाजूला काढा.)

दुसरा स्कॅन, क्लीव्हलंडच्याच लीग पार्क मैदानातला रूथ. याची मागची बाजू तुम्ही पाठवलीत आणि मी अर्धा तास त्यातच होतो. पाठीवर ३ नंबर दिसतो. यांकींनी नंबर घालायला सुरुवात केली १९२९ ला, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. मागे टाइप केलेल्या मजकुराची पिवळी पडलेली चिठ्ठी आहे आणि तीन तारखांचे शिक्के: जून १९३०, मग १९३५, आणि शेवटचा १७ ऑगस्ट १९४८. रूथ गेला १६ ऑगस्टला. म्हणजे मृत्यूच्या बातमीसाठी हाच फोटो दप्तरातून परत काढला गेला. (जुन्या फोटोंच्या या दप्तराला तिकडे 'मॉर्ग', म्हणजे शवागार म्हणतात.) तीन शिक्के पाहून घाबरायचं नाही, सर्वांत जुना शिक्का कागदाचं वय सांगतो. समोर लाल पेन्सिलीने कापायच्या खुणा आहेत आणि टोपीच्या कडेला पांढरा रंग लावलाय, छपाईत टोपी उठून दिसावी म्हणून. पूर्वी लोक याला डाग समजायचे. आता बहुतेक संग्राहकांना या खुणा चालतात, चेहऱ्यावर नसल्या म्हणजे झालं. कागद हातात घेतल्याशिवाय शब्द देत नाही, पण हा टाइप १ ठरला तर १,५०० ते ३,००० डॉलर.

ती चिठ्ठी सुटायला आलीय असं तुम्ही लिहिलंय. तिला हात लावू नका. धंद्यात नवा असताना मी एका फोटोची अशीच चिठ्ठी ओल्या कापसाने काढली, मागची बाजू 'स्वच्छ' दिसावी म्हणून. तारीख गेली, खेळाडूचं नाव गेलं, आणि कागदाला कायमची लाट आली. फोटो अजून माझ्याकडे आहे, कारण तो मला विकताच आला नाही. आणि मुलीच्या प्रोजेक्टसाठी लॅमिनेशन? स्कॅन काढून तो करा. मूळ फोटो लॅमिनेट केला की त्याची किंमत संपली, ते परत निघत नाही.

घरच्या घरी करता येतील अशा दोनच तपासण्या सांगतो. फोटो खिडकीशी तिरका धरा. जुन्या सिल्व्हर प्रिंटच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, निळसर पाऱ्यासारखी झाक येते. कागदातली चांदीच वर येते ती. मग अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा, दहा-पंधरा डॉलरला मिळतो. कागद निळापांढरा चमकला, तर त्यात नंतरच्या काळातला उजळ करणारा रंग आहे. असे कागद साधारण १९५० च्या दशकापासून आले, म्हणून चमकणारा '१९३०' सालचा फोटो उशिराची प्रिंट समजा. नाही चमकला म्हणून जुनाच, असं मात्र नाही. आणि कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत, कुरकुरीत लागला तर तो १९७० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. तारीख नसलेल्या फोटोंत बाहीवरचे बिल्ले बघा. १९३८ ला न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी जागतिक प्रदर्शनाचा बिल्ला लावला होता, आणि १९३९ ला सगळ्याच संघांनी बेसबॉलच्या शताब्दीचा. बाहीने साल सांगितलं की कागदाला विचारायचं, तू पण तेच सांगतोस का?

कोणाचा फोटो, याने भाव कसा हलतो ते बेसबॉल न पाहिलेल्या माणसालाही कळेल असं सांगतो. सामान्य खेळाडू, उभा राहून हसतोय, टाइप १: पंधरा ते चाळीस डॉलर, आणि गिऱ्हाईक मिळायला वर्षही लागेल. फेलरसारखा नावाजलेला: शंभर-दोनशे. निग्रो लीग्जमधून आलेला सॅचेल पेज क्लीव्हलंडच्या वेषात, १९४८ चा: काही शे, छान असेल तर त्याहून वर. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जचे जुने अस्सल फोटो मुळातच दुर्मिळ, कारण गोऱ्या वर्तमानपत्रांनी ते सामने फारसे टिपलेच नाहीत. त्या लीग्जना मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, दर्जा मिळाला तो २०२० मध्ये. तुमच्या यादीत 'अनोळखी, काळे खेळाडू, ६ फोटो' अशी एक ओळ आहे. ते सहा मला आधी दाखवा.

वरच्या टोकाचे आकडे ऐकवतो, पण त्यावर घर बांधू नका. २०२१ मध्ये शूलेस जो जॅक्सन या खेळाडूची सही असलेला १९११ चा फोटो जवळजवळ पावणेपंधरा लाख डॉलरला गेला. तो माणूस जेमतेम सही करायचा, म्हणून ती सही इतकी दुर्मिळ. आणि मेन राज्यात कुणीतरी घरगुती विक्रीत जुना अल्बम घेतला, त्यात १८६५ च्या ब्रुकलिन ॲटलांटिक्स संघाचं पत्त्याएवढं कार्ड निघालं, ते २०१३ च्या लिलावात ९२,००० डॉलरला गेलं. माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी हीच गोष्ट सांगत येतं. त्यांच्या अल्बममध्ये ते कार्ड नसतं.

तुमच्या यादीवरून चारशेंची ढोबळ वाटणी अशी दिसते: २६० सामान्य, ९० ओळखीची नावं, ३० तारेवरून आलेले मोठे प्रसंग, आणि वीसेक खरे दाणे. पहिल्या ढिगाचे सरासरी दहा डॉलर धरले तर २,६००. दुसऱ्याचे पन्नास धरले तर ४,५००. तारेवाल्यांचे हजारभर. आणि त्या विसांचे ६,००० ते १२,०००. बेरीज १४ ते २० हजारांच्या मध्ये कुठेतरी. पण ही बेरीज कागदावरची. एकाच महिन्यात २६० सामान्य फोटो बाजारात ओतले तर त्यांचा भाव तुम्हीच पाडता, म्हणून मूल्यांकनात अशा गठ्ठ्याला कपात लावावीच लागते. शिवाय गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी आपली दप्तरंच्या दप्तरं विकून टाकली, त्यामुळे असा माल मुबलक आहे. लिलावाचा खर्च धरून तुमच्या हातात नऊ ते तेरा हजार पडले तर मी तुम्हाला पेढे मागेन.

म्हणून तो व्यापारी लबाड आहे असं मी म्हणणार नाही. त्याने मोडीचा भाव सांगितलाय. चारशे फोटो स्कॅन करणं, नावं लावणं, वर्षभर विकत बसणं, ही घडणावळ त्याची. फक्त त्या विसांनाही त्याने मोडीत धरलंय आणि आठवड्याची घाई लावलीय, ते मला आवडलेलं नाही. असं करता येईल: वीस-पंचवीस बाजूला काढा, ते एखाद्या चांगल्या क्रीडा-लिलावाकडे द्या, आणि उरलेल्यांचा भाव त्याच व्यापाऱ्याला विचारा. हो म्हणाला तर माणूस सरळ.

आता एक नाजूक गोष्ट. या फोटोंचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? वर्तमानपत्रं जुन्या प्रिंट सर्रास फेकायची किंवा नोकरांना देऊन टाकायची, आणि असे फोटो रोज विकले जातात. पण मागे 'परत करावा' असा शिक्का असेल तर लिलाववाले विचारतीलच. क्लीव्हलंड प्रेस १९८२ ला बंद पडलं, त्याचं फोटो-दप्तर क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे. शिक्का त्याचा असेल तर तिथे एक ईमेल टाकून ठेवलेलं बरं. आणि एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का किंवा खोडलेला क्रमांक दिसला तर तो फोटो विक्रीतून काढा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा स्पॉल्डिंग संग्रह आणि बॉस्टन पब्लिक लायब्ररीचा मॅकग्रीव्ही संग्रह, या बेसबॉलच्या दोन्ही संग्रहांतून कधीकाळी बरंच चोरीला गेलंय. तुमच्या आजेसासऱ्यांविषयी ही शंका नाही, पण अशा खोक्यांत मित्रांनी दिलेलं काय काय असतं. आजेसासऱ्यांची जुनी पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, त्या विभागातला त्यांचा एखादा फोटो मिळाला तर जपून ठेवा. मालाचा माग दाखवणारा कागद भाव वाढवतो.

कराचं थोडक्यात. वारसाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत अमेरिकेत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, म्हणून मूल्यांकन करून घ्याल तर सासऱ्यांच्या निधनाच्या तारखेचं घ्या. त्यावर जो नफा होईल त्याला संग्रहणीय वस्तू म्हणून २८ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. संग्रहालयाला दान करायचं ठरलं आणि रक्कम ५,००० डॉलरच्या वर गेली, तर पात्र मूल्यांकनकर्त्याचा अहवाल आणि फॉर्म ८२८३ लागतो. आणि जो किमतीच्या टक्केवारीवर फी मागेल त्याच्याकडून अहवाल घेऊ नका, आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, तो मानत नाही. विम्याचा आकडा आणि विक्रीचा आकडा वेगळे असतात, विम्याचा नेहमी फुगीर. तो दाखवून कुणी भाव सांगितला तर हसून सोडून द्या. मुलीला या फोटोंचे टी-शर्ट काढायचेत असं तुम्ही लिहिलंय, तर प्रिंट हातात आहे म्हणून हक्क हातात येत नाही, ते आधी तपासावं लागेल.

शेवटी तुमचा नववा स्कॅन. त्याला तुम्ही 'दोन खेळाडू मिठी मारताना, नाव माहीत नाही' असं लिहिलंय. ते लॅरी डोबी आणि स्टीव्ह ग्रोमेक आहेत. डोबी हा अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जुलै १९४७ पासून क्लीव्हलंडकडून. ९ ऑक्टोबर १९४८ ला क्लीव्हलंडमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, चौथा सामना झाला, डोबीने होमरन मारली, ग्रोमेकने गोलंदाजी करून २-१ ने जिंकून दिलं, आणि कपडे बदलायच्या खोलीत गोरा ग्रोमेक आणि काळा डोबी गालाला गाल लावून हसले. तो फोटो देशभर छापला गेला आणि त्याच्या तारेवरच्या नकला ढिगाने आहेत. पण तुमच्या स्कॅनमध्ये ग्रोमेकचा हात नेहमीच्या फोटोपेक्षा थोडा खाली दिसतो, आणि मजकुराची पट्टी नाही. त्या खोलीत क्लीव्हलंडचे छायाचित्रकार अर्थातच होते. हा त्यांच्यापैकी कुणीतरी क्षणभर पुढेमागे टिपलेला असेल, तर वरची सगळी बेरीज मला परत करावी लागेल.

तो फोटो पाकिटातून कोरड्या, स्वच्छ हातांनी काढा, पांढऱ्या कापडावर उलटा ठेवा, एका बाजूने टेबलदिवा लावा म्हणजे पुसट शिक्का आणि पेन्सिलीचा दाब उमटून दिसेल, आणि मागच्या बाजूचे तीन फोटो पाठवा: पूर्ण, वरचा डावा कोपरा, आणि जिथे जिथे शाई आहे ती जागा. मी मंगळवारी रात्री वाट बघतो. तोवर व्यापाऱ्याला कळवा, घरी पाहुणे आहेत.